लग्नाला गेलो नाही, एवढंच केलं

पत्र:

ताई, मी एसटीत कंडक्टर आहे. गाव बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात. धाकटा भाऊ आणि भावजय ऊसतोडीला जातात. ते टोळीबरोबर गेले की पुतणी आमच्याकडं राहायची. पाचवीपासून शाळेत पालक म्हणून सही माझीच. गेल्या वर्षी वैशाखात भावानं तिचं लग्न लावून दिलं. ती तेव्हा पंधराची, नुकती नववी झालेली. पोरगा बावीसचा. मला पटलं नव्हतं. भावाला एकदा म्हणलं, पोरगी हुशार आहे, दहावी होऊ दे, राहू दे माझ्याकडं. तो म्हणला, "उद्या काही कमीजास्त झालं तर जबाबदारी घेतोस का?" मी गप्प बसलो. शाळेच्या भिंतीवर मुलांच्या मदतीचा १०९८ नंबर रंगवलेला आहे, मला पाठ आहे. लावला नाही. लग्नाला मात्र गेलो नाही, मुद्दाम त्या दिवशी ड्यूटी घेतली. गावातली सगळी मोठी माणसं जेवून गेली, ग्रामसेवकसुद्धा. पोरगी मागच्या हंगामात नवऱ्यासंगं कोयता घेऊन गेली. आता सातवा महिना चालू आहे, माहेरी आली आहे. अंगात रक्त नाही, पाय सुजलेत. बाळंतपण दिवाळीच्या आसपास, आणि भावानं तर मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली. तो म्हणतो, सरकारी दवाखान्यात न्यायचं नाही, केस होईल. ओळखीच्या ठिकाणी वय एकोणीस सांगून उरकू, तू फक्त तोंड बंद ठेव. माझे तीन प्रश्न आहेत. मी काहीच केलं नाही, तरी कायद्यानं गुन्हेगार होतो का? कायद्याचं सोडा, मला पाप लागलं का? आणि आता गप्प बसू का?

उत्तर:

भाऊ, तिसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्या दोघांना वेळ आहे आणि याला नाही. गप्प बसू नका. हे उत्तर वाचून झालं की पोरीला दवाखान्यात न्या. सातव्या महिन्यात पाय सुजले म्हणजे दर वेळी धोकाच असतो असं नाही, पण सोळाव्या वर्षी, रक्त कमी असताना, बीपी मोजल्याशिवाय आणि रक्त-लघवी तपासल्याशिवाय ते घरात बसून कोणी ठरवू शकत नाही. कोवळ्या वयातल्या गरोदरपणात रक्त कमी असणं, बीपी वाढून झटके येणं, बाळ अडणं, वजन कमी भरणं, हे सगळे धोके जास्त असतात. गावातल्या आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, आणि बाळंतपण मोठ्या ठिकाणीच करायचं हे आत्ताच ठरवून टाका. तुमच्या पट्ट्याला अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं रक्त मिळतं, अडलं तर ऑपरेशन होतं. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाला पैसे लागत नाहीत. गाडीसाठी १०२, आणि एकदम काही झालं तर १०८.

केस होईल ही भावाची भीती खोटी नाही. मी ती खोटी आहे असं सांगितलं तर तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून जाल आणि तिथं गेल्यावर फसवल्यासारखं वाटेल. अठराच्या आतली मुलगी गरोदर दिसली की डॉक्टरनं पोलिसांना कळवायचं, हे पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या, कायद्यानं बंधनकारक आहे. लग्न झालेलं असलं तरी त्यात फरक पडत नाही. २०१७ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पंधरा ते अठरा वयाच्या बायकोशी संबंध हाही बलात्कारच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ही वयोमर्यादा थेट अठराच लिहिली आहे. म्हणजे जावयावर गुन्हा नोंदवला जाणार. पण पोक्सोच्याच नियमांत हेही आहे की अशा मुलीला तातडीचे उपचार देण्याआधी डॉक्टरनं पोलिसांचा किंवा कोर्टाचा कुठलाही कागद मागायचा नाही. उपचार आधी, कागद नंतर. कोणी दारात अडवलं तर एवढं वाक्य ठणकावून सांगा.

आता ते 'एकोणीस' लिहिण्याचं. यात दोन घोळ आहेत. एकोणीस समजून तपासणारा डॉक्टर सोळाव्या वर्षाचा धोका शोधणार नाही. आणि पुढंमागं पोरीला हे लग्न रद्द करून घ्यावंसं वाटलं, तर दवाखान्याचा तोच खोटा कागद समोरचा वकील तिच्याविरुद्ध काढेल. इतके दिवस तुम्ही निदान 'मी काही केलं नाही' एवढं तरी म्हणू शकत होतात. दवाखान्याच्या खिडकीवर भावाच्या शेजारी उभं राहून खोट्या वयाला मान डोलावलीत, की तेही म्हणता येणार नाही.

आणखी एक, जे तुम्हाला बहुधा माहीत नाही. कळवण्याचं बंधन फक्त डॉक्टरवर नाही. पोक्सोचं कलम १९ 'कोणीही व्यक्ती' म्हणतं. ज्याला गुन्हा झाल्याचं माहीत आहे, किंवा होईल अशी धास्ती आहे, त्यानं स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवायचं. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. २०२२ साली सुप्रीम कोर्टासमोर चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहाचं प्रकरण होतं. मुलींवर अत्याचार झाल्याचं कळूनही पोलिसांना न कळवल्याचा आरोप एका डॉक्टरवर होता. हायकोर्टानं त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला होता, सुप्रीम कोर्टानं तो पुन्हा उभा केला आणि न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं सांगितलं. तुमच्या पत्रावर ना नाव आहे ना गाव. असतं, तर हे उत्तर छापायला देण्याआधी मलाच पोलिस ठाण्याची पायरी चढावी लागली असती. 'कोणीही'मध्ये सदर लिहिणारी वकीलबाईसुद्धा येते.

प्रामाणिकपणे खबर देणाऱ्यावर त्या खबरीबद्दल दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, असं कलम १९ मध्येच म्हटलं आहे. पण हे संरक्षण खबरीपुरतं आहे. मागच्या वर्षीच्या वैशाखाबद्दल ते काही बोलत नाही. इथून तुमचा पहिला प्रश्न सुरू होतो.

फौजदारी कायद्यात 'काहीच न करणं' एरवी गुन्हा होत नाही. न्याय संहितेच्या आधीचा आपला दंडविधान १८६०चा, पण त्याचा पहिला मसुदा इंग्रज अमलातल्या मेकॉलेच्या आयोगानं १८३७ साली दिला होता. (आपल्या मराठवाड्यात तेव्हा निजामाचं राज्य होतं, इथं हा कायदा आला तो निजाम गेल्यानंतर.) मसुद्याला जोडलेल्या टिपणात नेमका हाच प्रश्न आहे आणि उदाहरण आपल्याकडच्या पावसाळ्यात रोज घडेल असं आहे. नदीला पूर आलाय, पायी पार होता येत नाही. एक वाटसरू पाण्यात उतरतो. काठावरच्या माणसाला माहीत आहे, पण तो बोलत नाही. वाटसरू बुडतो. काठावरचा माणूस खुनी का? मेकॉले म्हणतो, लोकांना सावध करायला सरकारनं त्याला तिथं नेमलं असेल तर खुनी. वाट दाखवायची बोली करून आलेला वाटाड्या असेल तरी खुनी. पण माणुसकीपलीकडं त्या वाटसरूचा त्याच्यावर कसलाच हक्क नसेल, तर नाही. असा माणूस चांगला असं कोणी म्हणणार नाही, पण त्याला सुधारायचं काम मेकॉलेनं लोकमतावर आणि धर्म शिकवणाऱ्यांवर सोडलं. प्रत्येक न दिलेल्या भाकरीसाठी माणसं फासावर चढवायला लागलं तर कायदा चालायचा नाही, हे त्याला कळत होतं. पुढं दंडविधानात आणि आता न्याय संहितेतही तेच सूत्र आहे: कायद्यानं जे करायला तुम्ही बांधलेले होतात ते केलं नाहीत, तर ते न करणंही कृत्यच धरलं जातं.

म्हणून तुम्ही काय केलं, हे कोर्ट नंतर विचारेल. आधी विचारेल, पोरगी तुमच्या ताब्यात होती का?

बालविवाह प्रतिबंधक कायदा, २००६. त्यातलं कलम ११ मी पक्षकारांना वाचून दाखवते तेव्हा खोलीत एकदम शांतता होते. आईबाप, पालक, किंवा दुसऱ्या कुठल्याही नात्यानं, कायदेशीर असो की नसो, मूल ज्याच्या ताब्यात आहे अशा कोणीही हे लग्न व्हायला हातभार लावला, होऊ दिलं, किंवा ते थांबवण्यात निष्काळजीपणानं कसूर केली, तर दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. आणि लग्न झालंय म्हटल्यावर ताब्यातल्या माणसानं कसूर केलीच, असं कोर्ट धरून चालतं. केली नाही हे त्यानं सिद्ध करायचं. लग्नाला हजर राहणंही त्या कलमात धरलेलं आहे, त्यामुळे तुम्हाला वाटलं असेल की ड्यूटी घेतली म्हणजे सुटलो. हजर राहणारा अडकू शकतो हे खरं. गैरहजर राहणारा त्यामुळं सुटतो असं कुठंही लिहिलेलं नाही. उलट सरकारी वकील विचारेल, त्या दिवशी मुद्दाम ड्यूटी का मागून घेतलीत? काय होणार आहे ते माहीत होतं म्हणूनच ना?

मग तुम्ही 'ताब्यातल्या माणसा'त बसता का? माझ्या मते वाद होईल आणि तो तुम्हाला जड जाईल. लग्न वैशाखातलं, तेव्हा पट्टा पडून, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपून, आईबाप गावी आलेले होते. पोरगी त्यांच्या घरात होती, माझ्या नाही, असं तुमचा वकील म्हणेल. हा मुद्दा फेकून देण्यासारखा नाही. पण पाचवीपासूनच्या शाळेच्या कागदांवर पालक म्हणून सही तुमची आहे, आणि वर्षातले सहा महिने ती जेवत तुमच्या घरी होती. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. तक्रारीची मुदत तीन वर्षांची, ती अजून संपलेली नाही. महामंडळाची नोकरी आहे, अटक झाली तर तिकडचीही चौकशी मागं लागेल. म्हणून पोलिस ठाण्यात जाण्याआधी वकिलाला भेटा आणि अटकपूर्व जामिनाचं विचारून घ्या. मात्र हा आठवडाभराचा कार्यक्रम करू नका. सकाळी वकील, दुपारी ठाणं, एवढं जमतं. पोरीसाठी तालुका विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो. बायकांना आणि मुलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

जाता जाता: या कलमाखाली बाईला कैद होत नाही, फक्त दंड होऊ शकतो. त्यामुळं 'सगळं तिच्या आईनंच ठरवलं' असं सांगायचं काही घरांना सुचतं. तुमच्या भावाला सुचलं तर त्याला आडवं जा.

ग्रामसेवकाचं तुम्ही जोर देऊन लिहिलं आहे. बरोबर आहे. आपल्याकडं गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच असतो, मदतीला अंगणवाडी सेविका. मेकॉलेच्या भाषेत पुराच्या काठावर नेमलेला माणूस तो, आणि तो पंगतीत बसला होता. तक्रारीत हे जरूर लिहा. पण त्याची कसूर मोठी म्हणून तुमची कमी होत नाही. कायद्यात दोघांची गणितं वेगळी मांडतात.

आता पापाचं. मी कीर्तनकार नाही, पण महाभारतातली एक जागा तुमच्या कामाची आहे. द्रौपदीनं भर सभेत प्रश्न विचारला आणि सगळे माना खाली घालून बसले. तेव्हा विदुर एक जुना हिशोब सांगतो: निंद्य गोष्टीची सभेत कोणी निंदा केली नाही, तर पापाचा अर्धा वाटा सभेतल्या श्रेष्ठाचा, पाव करणाऱ्याचा, आणि उरलेला पाव गप्प बसलेल्यांचा. करणाऱ्याला पाव आणि श्रेष्ठाला अर्धा! मला हा हिशोब मेकॉलेपेक्षा कडक वाटतो आणि आपल्या गावांना जास्त लागू पडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१चे आकडे बघा. वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात २१.९ टक्के, बीडमध्ये ४३.७, परभणीत ४८. एवढी लग्नं चोरून होत नसतात. पत्रिका छापतात, मांडव पडतो, पंगती उठतात, आणि अशा प्रत्येक घरात एखादा चुलता किंवा मामा असतो ज्याला ते पटलेलं नसतं.

तरीही १०९८ लावला नाही, याला मी तुमची मोठी चूक मानत नाही. सख्ख्या भावाविरुद्ध फोन उचलणं किती अवघड असतं, हे कोर्टात रोज बघते. मला तुमच्या पत्रातलं दुसरंच वाक्य खुपलं. भाऊ म्हणाला, "जबाबदारी घेतोस का?" आणि तुम्ही गप्प बसलात.

भाऊ, तो टोमणा नव्हता. तुमच्या भावाला नक्की कशाची भीती होती ते त्यानं तुम्हाला विचारलं होतं. वयात आलेली पोर मागं ठेवून सहा महिने उसाच्या फडात जायचं, संगं न्यावी तर फडातल्या कोपीला, म्हणजे झोपडीला, दार नाही, ठेवावी तर कोणाच्या भरवशावर? या भीतीचा आणि उचलीच्या पैशाचा मेळ बसतो आणि लग्न ठरतं. भावाला अडवायला पोलिस लागलेच असते असं नाही. कदाचित 'घेतो' एवढा एक शब्द पुरला असता, आणि तो उच्चारू शकणारा माणूस गावात एकच होता, पगारी, पक्क्या घरातला, पाच वर्षं तिला सांभाळलेला. शब्द दिला असता तर लग्न टळलंच असतं असं मी छातीठोक सांगणार नाही. पण कायद्याला ती जागा दिसणार नाही, तुम्हाला दिसते; म्हणूनच तुम्ही ते वाक्य पत्रात लिहिलंत. पाप लागलं का, याला माझं उत्तर 'हो' आहे. नाही म्हणून तुम्हाला बरं वाटलं असतं, पण तेवढ्यासाठी तुम्ही पत्र पाठवलं नसावं.

तो प्रश्न अजून मिटलेला नाही, हेही लक्षात घ्या. दिवाळीला टोळ्या निघतील, उचल फेडायला भाऊ-भावजय जातील, जावई कोठडीत असेल किंवा फडात. बाळंतीण कुणाच्या घरात राहणार? या वेळी भाऊ विचारायच्या आधी तुम्ही सांगा. केस होणार आहे आणि ती 'मिटवता' येणार नाही, हेही त्याच वेळी त्याच्या तोंडावर सांगा. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तो तुम्हाला आयुष्यभर चुगलखोर म्हणेल. तो तसंही म्हणेल, पण समोर बसून ऐकलेलं निराळं.

एका बाबतीत मात्र हात आखडता घ्या. वर्षभर काही केलं नाही म्हणून आता सगळं तुम्हीच ठरवायचं, असं करू नका. लग्न रद्द करायचं की नाही हे पोरीचं ती ठरवेल. बालविवाह आपोआप रद्द होत नाही. तिनं मागितलं तर जिल्हा न्यायालय रद्द करतं, आणि त्यासाठी अठरा पूर्ण झाल्यानंतरही दोन वर्षांची मुदत असते. रद्द झालं तरी बाळ कायद्यानं औरसच राहतं, आणि दुसरं लग्न होईपर्यंत तिला नवऱ्याकडून पोटगी व राहण्याची सोय मागता येते. तिला नवऱ्याबरोबरच राहायचं असेल तर तेही ऐकून घ्यावं लागेल, तुम्हाला आवडो न आवडो. बाल कल्याण समितीसमोर तिला नेतील तेव्हा तिच्या तोंडात वाक्यं घालू नका. दहावीचं विसरली नसेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. हे तिला माहीत नसण्याचीच शक्यता जास्त, तेव्हा सांगा आणि सोडून द्या.

जाताना सोबत शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा उतारा, लसीकरणाचं कार्ड, लग्नपत्रिका मिळाली तर ती, एवढं ठेवा. आधार कार्डावर वय काय आहे ते घरातच बघून घ्या. ते वाढवून घेतलेलं असेल तर वकिलाला पहिल्या भेटीतच सांगा.

आणि हो, इतक्या लांबलचक पत्रात तुमच्या मंडळींचा कुठंही उल्लेख नाही. पोरीला पाचवीपासून जेवू घालणारी ती, दिवाळीत बाळंतिणीचं करावं लागणार तेही तिलाच. गेल्या वैशाखात तिचं म्हणणं काय होतं? भावाकडं जाण्याआधी तिला विचारा.